दोन मिलिमीटर शिल्लक असलेला टायर: कराड–चिपळूण मार्गावरील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ज्यांचे आहे त्यांना येथे श्री. क. म्हटले आहे. ते औषधांच्या विक्रीचे काम करणारे वैद्यकीय प्रतिनिधी असून कराडला राहतात. वय ४४, मोटारसायकल चालवण्याचा अनुभव पंचवीस वर्षांचा, आणि वेगाची हौस अजिबात नाही. महिन्यातून साधारण तीन वेळा ते पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातात. उरलेले दिवस कराड शहर आणि आसपासची गावे. असे मिळून महिन्याला ९०० ते ९५० किमी होतात. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दुचाकी दुरुस्ती शिकवतो आणि आम्ही एकाच गल्लीत राहतो, म्हणून हे सगळे माझ्यासमोर घडले. यातील एक निर्णय माझ्याच सल्ल्याने झाला आणि तो चुकला. प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचे ते मुख्य कारण आहे.

गाडी १५० सीसीची, नोव्हेंबर २०१८ मध्ये घेतलेली. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात लावला तरी चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले ते १ एप्रिल २०१९ पासून. ही गाडी त्याच्या पाच महिने आधीची असल्यामुळे तिला एबीएस नाही. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, दोन्ही टायर ट्यूबलेस. पुढच्याचे माप ८०/१००-१७, मागच्याचे १००/९०-१७. पुढचा टायर गाडीसोबत आलेला, म्हणजे मूळचाच होता. मागचा मार्च २०२२ मध्ये, गाडी २२,००० किमी चाललेली असताना एकदा बदलला होता. जून २०२४ मध्ये किलोमीटरचा आकडा ४६,३०० होता. याचा अर्थ मागच्या टायरने २४,३०० किमी आणि पुढच्याने संपूर्ण ४६,३०० किमी केले होते.

या मार्गाचे एक वैशिष्ट्य आधी सांगितले पाहिजे. कराडपासून कोयनानगरपर्यंतचा रस्ता कोयनेच्या खोऱ्यातून जातो आणि बराचसा सरळ आहे. वळणांचा घाट एकूण अंतराच्या मानाने थोडा. टायर झिजतो तो सरळ रस्त्यावर, मधल्या पट्ट्यात. आणि त्याची खरी परीक्षा होते ती घाटात, कडेच्या भागावर. या गाडीच्या बाबतीत झीज एका ठिकाणी झाली आणि धोका दुसऱ्या ठिकाणी उभा राहिला.

आधी मिळालेल्या सूचना

फेब्रुवारी २०२४ मध्ये मागच्या चाकाला पंक्चर झाले. पंक्चरवाल्याने रबरी पट्टी ठोसून पंक्चर काढले आणि सांगितले, “साहेब, मधलं बटन संपत आलंय. हा टायर पावसाळा काढणार नाही.” बटन म्हणजे टायरवरची खाचांची नक्षी. श्री. क. यांनी ते मनावर घेतले नाही असे नाही, पण मार्च महिना विक्रीच्या उद्दिष्टाचा होता आणि टायर बदलणे एप्रिलवर गेले. एप्रिलमध्ये दुसरे पंक्चर झाले, मे महिन्यात तिसरे. तिन्ही पंक्चर मधल्या पट्ट्यात, एकमेकांपासून फार लांब नव्हती. खिळा किंवा तार कोणत्याही टायरमध्ये घुसू शकते हे खरे. परंतु रबराचा थर पातळ झाला की एरवी खाचेत अडकून गळून पडणारा तुकडाही आतपर्यंत पोहोचतो. चार महिन्यांत तीन पंक्चर हा योगायोग मानायचा की टायरने दिलेली माहिती मानायची, हा या प्रकरणातील पहिला निर्णयबिंदू होता, आणि तो निर्णय म्हणून कोणाच्या लक्षातच आला नाही.

मेअखेरीस श्री. क. यांनी स्वतः टायर पाहिला. गाडी साइड स्टँडवर उभी होती आणि ते डावीकडून वाकून पाहत होते. त्या अवस्थेत डोळ्यांना दिसतो तो टायरचा कडेचा भाग. तेथे खाचा चांगल्या खोल होत्या, नक्षी स्पष्ट होती. त्यांनी मलाही म्हटले होते, “सर, अजून बटन आहे. दिवाळीपर्यंत निघेल.” मी त्या वेळी घाईत होतो आणि गाडीजवळ गेलो नाही.

पहिली घटना

जून २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात, कोरड्या महिन्यांनंतरच्या पहिल्या खऱ्या पावसात, श्री. क. दुपारी कुंभार्ली घाट उतरत होते. उजवीकडच्या एका तीव्र वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, वेग त्यांच्या अंदाजाने तीसच्या आसपास. वळणात गाडी झुकवताना त्यांनी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि त्याच क्षणी मागचे चाक डावीकडे सरकले. त्यांनी उजवा पाय टेकवला, चाकाला पुन्हा पकड मिळाली, गाडी सरळ होऊन रस्त्याच्या डाव्या कडेशी कठड्याजवळ थांबली. समोरून त्या क्षणी काही आले नाही. उजव्या पायाचा घोटा मुरगळला, एवढ्यावर निभावले.

तेथून पुढे ते पोफळीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, काम उरकले आणि परतीच्या वाटेवर घाट चढून रात्री घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माझ्याकडे आली.

तपासणीत आढळलेल्या गोष्टी

गाडी मेन स्टँडवर घेऊन, टायर थंड असताना, खोली मोजण्याच्या गेजने दोन्ही टायरांची तीन-तीन ठिकाणी मोजणी केली. मागच्या टायरची मधली खाच ०.९ मिमी होती आणि कडेची ३.४ मिमी. टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरे किंवा लहान त्रिकोण असतो. त्या खुणेच्या रेषेत आडवे गेले की खाचेच्या तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा सापडतो. झीज त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले, असा त्याचा अर्थ. या टायरचा मधला पट्टा त्या उंचवट्याला जवळजवळ लागला होता, पण पूर्ण लागला नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ दुचाकी आणि तीनचाकींसाठी खाचेची किमान खोली ०.८ मिमी, तर इतर मोटारवाहनांसाठी १.६ मिमी सांगतो. म्हणजे ज्या टायरने घाटात दगा दिला, तो त्या दिवशी नियमात बसत होता.

खोलीपेक्षा महत्त्वाची गोष्ट होती ती आकाराची. मोटारसायकलचा नवा टायर समोरून पाहिला तर गोलसर कमानीसारखा दिसतो, कारण गाडी झुकत असताना रस्त्याला टेकणारा भाग हळूहळू मध्यापासून कडेकडे सरकायला हवा. या टायरची कमान जाऊन मधोमध सपाट पट्टा तयार झाला होता आणि सपाट पट्टा जेथे संपतो तेथे दोन्ही बाजूंना हाताला जाणवेल अशी धार आली होती. असा टायर सरळ रस्त्यावर कुरकुर करत नाही. वळणात मात्र गाडी आधी झुकायला नकार देते आणि एकदा ती धार ओलांडली की एकदम झुकते. धारेवर असताना रस्त्याला टेकणारे रबर अगदी थोडे असते. श्री. क. यांना विचारल्यावर त्यांनी सांगितले की गेले काही महिने घाटात गाडी “जड लागते आणि मग पडल्यासारखी होते”, पण ते वयामुळे असेल असे त्यांना वाटत होते.

पहिल्या पावसाचा भाग येथे वेगळा काढून पाहिला पाहिजे. कोरड्या महिन्यांत रस्त्यावर साचलेले ऑइल, डिझेल, रबराची भुकटी आणि माती पहिल्या सरींबरोबर वर येते आणि रस्त्यावर निसरडा थर होतो. तीसच्या वेगाला मोटारसायकलचा अरुंद, गोल टायर पाण्यावर तरंगू लागत नाही; त्यामुळे “खाच नव्हती म्हणून पाण्यावरून घसरला” हे स्पष्टीकरण सोपे असले तरी पुरेसे नाही. माझ्या मते चार गोष्टी एकाच क्षणी जुळून आल्या: निसरडा रस्ता, टायरची धार, ॲक्सिलरेटर एकदम सोडल्याने मागच्या चाकावर आलेला इंजिनाचा रोध, आणि तो निसरडा थर फोडायला मधल्या पट्ट्यात न उरलेली खाच. यातील एखादी गोष्ट नसती तर चाक कदाचित सरकले नसते.

हवा तपासली तर मागच्या चाकात ३६ आणि पुढच्या चाकात १९ पीएसआय निघाली. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे पुढे २५, मागे एकटा असताना २८ आणि मागे माणूस बसल्यास ३२ हवी. पंपावर “ट्यूबलेस आहे, पस्तीस ठेवा” असे सांगून हवा भरली जात होती, तीही लांबून आल्यावर टायर तापलेला असताना. पुढच्या व्हॉल्व्हला टोपी नव्हती आणि तेथून हवा हळूहळू जात होती.

आता पुढचा टायर. मधल्या खाचेची खोली २.१ मिमी होती, नियमाच्या अडीच पटीहून अधिक. टायरच्या बाजूवरच्या चार अंकी शिक्क्यात ३२१८ असे होते, म्हणजे २०१८ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झालेला. पहिले दोन अंक आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. कडेच्या पट्ट्यांवरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागे, उलट दिशेने फिरवला तर पायऱ्या लागत. अशी लाटेसारखी झीज बहुधा कमी हवा आणि थकलेले शॉकअप यांच्यामुळे होते. हे सगळे मी पाहिले आणि माझ्या वहीत लिहूनही ठेवले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय श्री. क. यांचाच होता: टायर गणपतीनंतर बदलावा आणि तोपर्यंत चिपळूणच्या फेऱ्या एसटीने कराव्यात. हा पर्याय दिसतो तितका टाकाऊ नव्हता, कारण घाट वगळला तर धोक्याचा मोठा भाग वगळला जातो. परंतु औषधांच्या नमुन्यांची बॅग घेऊन एसटीने जायचे तर दिवसाला भेटायच्या डॉक्टरांची संख्या निम्म्यावर आली असती, आणि कराडचे रस्तेही पावसात ओलेच असतात.

दुसरा पर्याय रिमोल्ड टायरचा. एका दुकानात तो निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. रिमोल्डमध्ये जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवा रबराचा थर चढवलेला असतो; सांगाडा किती जुना, त्यावर किती पंक्चर झाली, तो कमी हवेवर किती चालला, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. घाटात उतरणाऱ्या दोन चाकांच्या गाडीसाठी मी तो मान्य केला नाही आणि या मतात आजही बदल नाही.

तिसरा पर्याय गॅरेजमधल्या मिस्त्रींनी सुचवला: मागे एक माप रुंद टायर टाकावा, पकड वाढेल. हा समज फार पसरलेला आहे. रिम तेवढाच ठेवून रुंद टायर बसवला तर रिमच्या दोन्ही कडा त्याला आत आवळतात, कमानीचा आकार बिघडतो आणि टेकणारे रबर वाढेलच याची खात्री राहत नाही. शिवाय साखळीच्या कव्हरशी अंतर कमी होते. कंपनीने दिलेल्या मापावरच थांबायचे ठरले.

चौथा पर्याय केवळ मागचा टायर बदलण्याचा आणि पाचवा दोन्ही बदलण्याचा. मागच्या टायरची किंमत २,३५० रुपये, पुढच्याची १,७८० रुपये. त्या महिन्यात श्री. क. यांच्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचा खर्च होता. त्यांनी मला सरळ विचारले, “सर, पुढचा आत्ताच बदलायलाच हवा का?” मी गेजवरचा २.१ हा आकडा पाहिला आणि म्हटले की पावसाळा संपल्यावर बदलला तरी चालेल.

पहिला निर्णय

माझ्या सल्ल्याने केवळ मागचा टायर बदलला गेला. दुकानात टायर निवडताना तीन गोष्टी पाहिल्या: आयएसआय चिन्हासोबत दुचाकी-तीनचाकींच्या टायरांसाठीचा आयएस १५६२७ हा क्रमांक आहे की नाही, बाजूवरचे ५५पी हे अंक-अक्षर पुस्तिकेशी जुळते की नाही, आणि तयार झाल्याचा आठवडा कोणता. ५५ म्हणजे २१८ किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किमी वेगमर्यादा. पहिला टायर दाखवला गेला तो अडीच वर्षे दुकानात पडून होता आणि दाराशी उन्हात टांगलेला होता. तो नाकारून चार महिन्यांपूर्वी तयार झालेला घेतला. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर घ्यायला माझी हरकत नसते, पण उन्हात टांगलेला कितीही नवा असला तरी घेऊ नये. व्हॉल्व्ह नवा बसवला आणि टायरवरील बाणाची दिशा तपासली. पहिले दीडशे किलोमीटर वळणे सावकाश घ्यायला सांगितले, कारण नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून निघाल्यासारखा चकचकीत असतो आणि तो थोडा घासला जाईपर्यंत पूर्ण पकड देत नाही.

पुढच्या चाकात २५ पीएसआय हवा भरली, व्हॉल्व्हचा गाभा बदलून टोपी लावली. मागचा टायर बदलल्यामुळे घाटातला प्रश्न सुटला, अशी आमची दोघांची खात्री झाली होती.

दुसरी घटना

सुमारे दोन आठवड्यांनी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, कराड शहरात पाऊस पडून गेल्यावर श्री. क. घरी येत होते. पुढची रिक्षा गतिरोधकापाशी अचानक थांबली. त्यांनी पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र लावला. पुढचे चाक गतिरोधकाच्या पांढऱ्या पट्ट्यावर जागच्या जागी अडकले आणि गाडी डावीकडे आडवी झाली. वेग वीसच्या आसपास. मागून येणारा टेम्पो वेळेत थांबला. डाव्या मनगटाच्या हाडाला बारीक तडा गेला आणि तीन आठवडे प्लास्टर राहिले.

मागचे चाक सरकले तर सावरायला क्षणभर वेळ मिळतो. घाटात तो मिळाला होता. पुढचे चाक अडकून सरकले तर तो मिळत नाही, कारण गाडीची दिशा आणि तोल दोन्ही त्याच चाकावर असतात, आणि ब्रेक लावल्यावर वजनही पुढेच येते. हे मी दरवर्षी प्रशिक्षणार्थींना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. एबीएस नसलेल्या गाडीत तर पुढच्या टायरची पकड हीच काय ती शेवटची राखीव ताकद असते. तरीही सल्ला देताना माझे लक्ष ज्या टायरने दगा दिला त्याच्यावर राहिले, आणि ज्या टायरवर त्यांचा जीव होता त्याला मी गेजवरच्या एका आकड्यावर पास केले.

ओल्या पांढऱ्या रंगावर नवा टायरही सरकू शकतो, हे मान्य करूनच पुढचे लिहितो. प्लास्टर घालून श्री. क. घरी बसले असताना मी पुढचे चाक काढून आणले. नव्या टायरच्या रबरात अंगठ्याचे नख जोराने दाबले तर ठसा उमटतो आणि हळूहळू भरून येतो. या टायरवर नखाचा ठसा उमटलाच नाही. रबर मऊ ठेवणारी तेले काळानुसार बाहेर पडतात किंवा उडून जातात, ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन रबराला कठीण व ठिसूळ करतात, आणि खाचांच्या तळाच्या बारीक भेगा हे त्याचेच चिन्ह असते. खाच पाणी बाजूला काढते, पण ओल्या रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला धरून ठेवते ते मऊ रबर. या टायरला खाच होती, मऊपणा उरलेला नव्हता. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर कोणत्याही परिस्थितीत बदल असे सांगतात. हा टायर सहाव्या वर्षात होता आणि त्याची बहुतेक सगळी वर्षे उघड्या अंगणात उन्हात गेली होती. दहा वर्षांची मर्यादा सावलीत जपलेल्या टायरलाच पुरणारी आहे, हे कराडच्या उन्हात लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरा निर्णय आणि केलेले काम

या वेळी पर्यायांची चर्चा झाली नाही. पुढचा टायर बदलला. लाटेसारख्या झिजेचे कारण शोधण्यासाठी पुढचे शॉकअप उघडले. ऑइल काळे आणि पाण्यासारखे पातळ झालेले होते, गाडी घेतल्यापासून ते कधीच बदलले नव्हते. ते बदलले, चाकाचे बेअरिंग तपासले. हे न करता नुसता टायर बदलला असता तर नवा टायरही त्याच लाटा घेऊन झिजला असता.

श्री. क. यांच्या बॅगेत आता खिशात मावणारा हवा मोजण्याचा गेज असतो. दर रविवारी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, ते हवा मोजतात. खोलीची नोंद महिन्यातून एकदा माझ्याकडे होते, दर वेळी मधली आणि दोन्ही कडांची अशी तीन ठिकाणी. ज्यांच्याकडे गेज नाही त्यांनी काडेपेटीची काडी मधल्या खाचेत उभी धरून नखाने खूण करावी आणि पट्टीवर मोजावी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडेल, पण कडेचा भाग पाहून फसण्यापेक्षा ते बरे.

निष्पत्ती

नव्या मागच्या टायरची मधली खाच बसवताना ६.४ मिमी होती. मे २०२५ मध्ये, १०,१०० किमीनंतर, ती ४.३ मिमी झाली. म्हणजे हजार किलोमीटरला सुमारे ०.२१ मिमी. जुन्या टायरची सुरुवात तेवढ्याच खोलीची होती असे धरले, तर त्याची झीज हजार किलोमीटरला सुमारे ०.२३ मिमी येते. हवेचा दाब नीट ठेवल्याने झिजेत मोठी घट होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात फरक थोडा पडला. सरळ रस्ताच मधला पट्टा खातो, आणि जास्त हवेला मी प्रमाणाबाहेर दोष दिला होता, असे आता म्हणावे लागते. दाब योग्य ठेवल्याचा लाभ मिळाला तो पुढच्या टायरवर, जेथे वर्षभरात लाटांचा मागमूस नाही. वर्षभरात पंक्चर एकच झाले.

या आकड्यांवरून मागे मोजत गेलो तर जुना मागचा टायर २ मिमीपर्यंत उतरला असावा तो डिसेंबर २०२३ च्या सुमारास. हा अंदाज आहे, झीज अगदी सरळ रेषेत होत नाही. तरी फेब्रुवारीत पंक्चरवाल्याने दिलेली सूचना नेमक्या वेळी आली होती, आणि पुढचे चार महिने आम्ही दोघांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले, हे त्यातून दिसते.

मनगट बरे झाले आहे. थंडीत थोडे दुखते. सप्टेंबरपासून चिपळूणच्या फेऱ्या पूर्वीसारख्या सुरू झाल्या. घाटात गाडी “जड लागणे” थांबले आणि त्याचा वयाशी संबंध नव्हता, हे श्री. क. यांनीच मला सांगितले.

काय वेगळे करता आले असते

टायर कधी बदलायचा हे ठरवताना किलोमीटर किंवा महिने न पाहता पावसाळा पाहायला हवा होता. मेच्या पहिल्या आठवड्यात मोजणी केली असती तर १ मिमीच्या आसपास खोली, सपाट झालेला आकार आणि तीन पंक्चर या तिन्ही गोष्टी एकत्र समोर आल्या असत्या. ऑक्टोबरमध्ये १.८ मिमी खाच असलेला टायर उन्हाळ्यापर्यंत कोरड्या रस्त्यावर वापरणे मला आजही चुकीचे वाटत नाही. तोच टायर मेमध्ये तेवढ्याच खोलीवर असेल तर तो काढला पाहिजे.

पहिल्या घटनेनंतर मी पुढच्या टायरच्या भेगा, शिक्का आणि लाटा वहीत लिहिल्या आणि निर्णय मात्र खोलीवर केला. त्या दिवशी नख दाबून पाहायला दहा सेकंद लागले असते. आता माझ्या वर्गातील तपासणीच्या तक्त्यात खोली, आकार, वय आणि कठीणपणा हे चार स्वतंत्र रकाने आहेत आणि त्यातील कोणताही एक नापास असेल तर टायर नापास, असे मी लिहून ठेवले आहे. तो जुना पुढचा टायर विभागात ठेवला आहे. प्रत्येक नवीन तुकडी त्याची खाच मोजते, तो चांगला आहे असे सांगते आणि मग नख दाबून पाहते.

पैशाचा भागही लिहायला हवा. जूनमध्ये वाचवलेले १,७८० रुपये महिनाअखेरीस खर्च झालेच. शिवाय दवाखाना, प्लास्टर, हँडल व लिव्हरची दुरुस्ती आणि तीन आठवड्यांचे बुडालेले काम. दोन्ही टायर एकदम घेण्याइतके पैसे त्या महिन्यात खरोखर नव्हते, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. माझ्याकडे ती मांडली गेली तेव्हा पुढचा टायर थोपवण्याऐवजी मी दुकानदाराशी हप्त्याचे बोलायला हवे होते. आमच्या गावातले दुकानदार ओळखीच्या माणसाला टायर दोन हप्त्यांत देतात आणि मला ते माहीत होते.

एक प्रश्न अजून आमच्यात मिटलेला नाही. आताच्या वेगाने मागचा टायर साधारण मे २०२६ मध्ये २ मिमीवर येईल. श्री. क. यांचे म्हणणे आहे की आकार गोल राहिला असेल तर तो १.५ मिमीपर्यंत, म्हणजे आणखी अडीच महिने, वापरायला हरकत नसावी. ते अडीच महिने नेमके पावसाचे आहेत, असे माझे म्हणणे. सध्या एवढे ठरले आहे की मे २०२६ मध्ये मोजणी दोघांनी एकत्र करायची, आणि टायर बदलला नसेल तर घाटाच्या दिवशी चिपळूणला एसटीने जायचे.